ठसका

दिवाळी उलटली की गावाबाहेरची जमीन लाल होते.
खेतिया रस्त्याला मिरचीच्या पथाऱ्या,
पत्र्याच्या शेडमध्ये वजनकाटा, काट्यापाशी मी,
आणि वजनवहीच्या खाली एक कादंबरी.

झेलाबाईनं पहिल्याच हिवाळ्यात पकडलं मला.
"काय वं, रडी राह्यनी का?"
मी म्हटलं, मिरची.
खरं तर नॉर्वेतल्या एका उघड्या बेटावर
दीपगृह राखणाऱ्याची बायको
तीन आठवडे बोटीची वाट पाहून
शेवटचा बटाटा दोघांत कापत होती.

नंदुरबारात रडायला कारण लागत नाही.
मार्चपर्यंत सगळ्यांचेच डोळे वाहतात,
कुणी कुणाला विचारत नाही.
वाचणाऱ्याला याहून सोयीचं गाव
माझ्या तरी वाचनात नाही.

वाचनालय स्टेशनकडे, सायकल दुकानाच्या माडीवर.
बिरारी सर चष्मा कपाळावर सारून विचारतात,
"आता कुठं?"
तिकीट खिडकीतून विचारावं तसं.
मी म्हणते, या वेळी जरा उबदार बघा.
मग ते मला केनियात धाडतात,
चहाच्या मळ्यातल्या एकशिक्षकी शाळेत;
नाहीतर इस्तंबूलला, जिथं एक न्हावी
रोज संध्याकाळी बोटीनं पलीकडच्या काठावर जातो
फक्त परत येता यावं म्हणून.
महिन्याची वर्गणी वीस रुपये.
मी स्वतः सुरतेच्या पुढं गेलेली नाही,
तीही एकदा, मावसबहिणीच्या हळदीला.

पण रस्ते मला पाठ आहेत.
जपानातल्या त्या लोणच्याच्या दुकानाकडे
पूल ओलांडून डावीकडे, मग अकरा दगडी पायऱ्या,
सातवी हलते.
प्रकाशाची एसटी कुठं लागते
हे मात्र मी अजून दरवेळी विचारते.

दुपारी भाकरी सोडता सोडता झेलाबाई,
"आज कोनता देश वं?"
मी सांगते. बेट, वारा, दिवा, बोट.
ती कांदा फोडते, ऐकते, आणि मधेच,
"तठे झाड नही म्हनतीस. मंग सरपन कथाईन आनतस?"

मला माहीत नव्हतं.
दोनशे ऐंशी पानं वाचून मला त्या बाईचं
सगळं दुःख ठाऊक होतं, चूल नव्हती ठाऊक.
त्या रात्री पुस्तक पुन्हा पहिल्यापासून चाळलं.
पान एकशे बारा, एकच ओळ:
वादळानंतर समुद्र फळ्या आणून टाकी,
त्या ती वेचून आणी, कौलाखाली वाळवी.

सकाळी सांगितलं.
झेलाबाईनं मान हलवली, "मंग बरं शे,"
जणू रात्रभर तिलाच गारठा लागला होता.

तेव्हापासून मी प्रत्येक देशात मागच्या दारानं शिरते.
मेजवानीनंतर भांडी कुणी घासली,
त्या न्हाव्याच्या घरी पाणी किती वाजता येतं,
बर्फात धुणं वाळतं कसं.
पुष्कळ कादंबऱ्या तिथंच गप्प होतात.
काही होत नाहीत; त्या मी दोनदा नेते.

परवा पथारी उलथताना म्हणाली,
"लिखेल शे का कोन्ही आपला गावनी गोठ?"
मी बिरारी सरांना विचारलं.
त्यांनी तीन कपाटं पाहिली, स्टुलावर चढून वरचं फडताळही,
हात झटकले. "नाही दिसत."

झेलाबाईला वाईट वाटेल असं वाटलं होतं.
ती पदर नाकाला लावून हसायला लागली,
हसता हसता खोकायला.
"लिखनाराले ठसका लागना व्हई!"
आणि दगा मुकादम ओरडेपर्यंत
आम्ही दोघी खोकत राहिलो.

काल नॉर्वे परत केलं.
एकशे बाराव्या पानाच्या बेचक्यात
मिरचीचं एक पिवळं बी अडकलं होतं.
नखानं काढणार होते.
मग राहू दिलं.